कांद्याला खत कुठलं ते नंतर बघू, शेवटचं खत कधी टाकलंत?

पत्र: "दादा, आमचा दोन एकर कांदा असतो. जमीन मध्यम भारी काळी, पाणी पाटाने. गेल्या हंगामात लागवडीच्या आठ दिवस आधी गोठ्यामागचं शेणखत चार ट्रॉल्या ओढलं, लागवडीला डीएपी दिलं, मग २०व्या, ४०व्या आणि ७०व्या दिवशी युरिया. पात अशी झाली की येणारा जाणारा बांधावर उभा राहून बघायचा. पण शेवटी माना जाड राहिल्या, पात पडलीच नाही, जोड कांदा भरपूर निघाला आणि ठेवलेल्यातला बराच माल दोन महिन्यांत सडला नाहीतर त्याला कोंब आले. आता सासरे म्हणतात सगळा दोष गोणीतल्या खताचा, यंदा फक्त शेणखत आणि जीवामृत. मिस्टर म्हणतात शेणखतानेच तण आणि किडे आणले, यंदा फक्त रासायनिक आणि वरून विद्राव्य खतांचे स्प्रे. खर्चाची वही माझ्याकडे असते म्हणून दोघं माझ्याकडे बघतात. कोणाचं ऐकू? आणि गंधक खरंच लागतं का, की उगाच गळ्यात मारतात? सेंद्रिय कांदा जास्त टिकतो म्हणतात ते खरं का?"

ताई, वही तुमच्याकडे आहे हे फार बरं झालं, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या वहीतल्या तारखांमध्येच आहे. घरात भांडण चाललंय शेणखत की गोणी यावर, आणि मला पत्रात खटकल्या त्या दोनच गोष्टी, एक म्हणजे लागवडीच्या आठ दिवस आधी टाकलेलं शेणखत आणि दुसरी ७०व्या दिवशीचा युरिया. एक फार उशिरा शेतात आलं आणि दुसरं फार उशिरापर्यंत चालू राहिलं. खत दोन्ही चांगलीच आहेत हो, तारखा चुकल्या.

आधी कांद्याच्या मुळांबद्दल थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एखादं रोप पाण्यात धुवून हातात घ्या, पांढऱ्या दोऱ्यांसारखी मुळं दिसतील, त्यांना फांद्या जवळपास नाहीत, केसमुळं तर फारच कमी. आणि ही बहुतेक मुळं वरच्या वीतभर, फार तर फूटभर मातीतच राहतात. मका किंवा कापूस खाली जाऊन आपलं आपण शोधून खातो, कांद्याला ते जमत नाही, त्याला तोंडाशी आणून द्यावं लागतं, थोडं थोडं आणि वेळेवर. एकदम जास्त दिलं तर काय होतं, तर नत्र पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातं, किंवा तिथेच खारटपणा वाढतो, आणि खारटपणा सहन न करणाऱ्या पिकांत कांदा बराच वरच्या नंबरवर आहे. म्हणजे या पिकाला मातीही भुसभुशीत, ओल धरणारी लागते आणि अन्नही पटकन मिळणारं लागतं. पहिलं काम शेणखताचं, दुसरं गोणीचं. सासरे आणि मिस्टर दोघं अर्धे अर्धे बरोबर आहेत, पण हे दोघांनाही एकदम सांगू नका, आधी पुढचा हिशोब वाचा.

सासऱ्यांची बाजू घेऊ. चांगल्या शेणखतात नत्र असतं साधारण अर्धा टक्का, म्हणजे एका टनात ५ किलो, स्फुरद दोन-अडीच किलो आणि पालाश ५ किलोच्या आसपास. आता कांद्याला एकरी सुमारे ४० किलो नत्र द्यायचं धरलं आणि ते सगळं शेणखतातून द्यायचं म्हटलं तर कागदावर ८ टन पुरतात. पण शेणखतातलं नत्र पहिल्याच हंगामात सगळं मोकळं होत नाही, फार तर तिसरा हिस्सा पकडा, बाकीचं पुढच्या पिकांना मिळतं. मग लागतात २४ टन, एकरी! दोन एकराला जवळपास ५० टन कुजलेलं शेणखत तुमच्या गोठ्यातून निघतं का हे सासऱ्यांनाच विचारा, जनावरं किती आहेत ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती.

आणि समजा निघालं, तरी अजून एक अडचण आहे जी सहसा कोणी बोलत नाही. शेणखतातलं नत्र जिवाणू मोकळं करतात, आणि जिवाणू चालतात उबेवर. थंडीत माती गार असते तेव्हा कांद्याची पात वाढायची वेळ असते, त्याला नत्र हवं असतं, आणि नेमकं तेव्हा शेणखत झोपलेलं असतं. पुढे ऊन वाढलं, माती तापली की ते जागं होऊन नत्र सोडायला लागतं, तेव्हा कांदा पोसून आता झोपायच्या तयारीत असतो. सगळंच नत्र शेणखतावर सोपवलं तर सुरुवातीला पीक पिवळं आणि शेवटी मान जाड असा उलटा प्रकार होऊ शकतो, आणि त्यात एक चिमूट युरिया पडलेला नसताना! म्हणून "सेंद्रिय टाकलं म्हणजे जास्त झालं तरी चालतं" हे कांद्याबाबत खरं नाही. जास्त नत्र ते जास्तच, ते कुठून आलं हे कांद्याला कळत नाही.

मग शेणखत टाकूच नये का? टाकायचंच. तुमच्या काळ्या जमिनीत तर नक्की टाकायचं. पाटपाण्यानंतर माती आवळते, भेगा पडतात, वर कडक पापुद्रा येतो, त्यात गड्डा फुगायला त्रास होतो, आणि काढणीला तोच कांदा उपटताना पात हातात आणि कांदा मातीत अशी गंमत होते. कुजलेलं खत दरवर्षी पडलं की माती मोकळी होते, ओल टिकते, जस्त लोहासारखी सूक्ष्म द्रव्यं थोडी थोडी मिळत राहतात, आणि तुम्ही वरून टाकलेला युरिया सुद्धा अशा जमिनीत जास्त कामी येतो. एकरी ६ ते ८ टन पुरे. एवढं मिळत नसेल तर ३-४ टन टाका पण चांगलं कुजलेलं टाका, नाहीतर गांडूळ खत टनभर, ते निदान चाळून कुजून आलेलं असतं.

"चांगलं कुजलेलं" याच्यावर जरा थांबतो कारण गेल्या वर्षीचं अर्धं दुखणं इथे आहे. गोठ्यामागच्या ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं, तर कुजणं चालू आहे, अजून वेळ आहे. काडी, वैरणीचे तुकडे ओळखू येतात, शेणाचा वास येतो, तर अजून वेळ आहे. तयार खत आतून गार असतं, रंग काळपट, चहाच्या चोथ्यासारखं मोकळं, आणि वास पहिल्या पावसानंतरच्या मातीचा. मुठीत दाबलं की ओल लागली पाहिजे पण पाणी टपकायला नको. ढीग महिन्यातून एकदा तरी खालवर करा, सावलीत ठेवा, कोरडा पडू देऊ नका. आणि चुलीतली राख त्या ढिगात ओतायची सवय असेल तर ती बंद करा, राखेमुळे नत्र अमोनियाच्या रूपात उडून जातं, राख द्यायची तर ती वेगळी, थेट शेतात पसरा.

ताजं शेणखत टाकलं की मिस्टर म्हणतात ते सगळं होतं, त्यात खोटं काही नाही. तणाचं बी जनावराच्या पोटातून जिवंत बाहेर येतं, ढीग नीट तापला तरच ते मरतं. हुमणीची अंडी अळ्या त्यातून येतात. कांद्याची माशी कुजत्या सेंद्रिय पदार्थाकडे ओढली जाते. शिवाय अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्यातले जिवाणू स्वतःचं पोट भरायला मातीतलंच नत्र ओढून घेतात, म्हणून लागवडीनंतर पंधरा-वीस दिवस रोपं पिवळी दिसतात आणि माणूस घाबरून युरियाची गोणी फोडतो. तुमचा २०व्या दिवसाचा युरिया असाच पडला होता का, वहीत बघा. तेव्हा खत लागवडीच्या निदान महिनाभर आधी, शेवटच्या कुळवणीला मातीत मिसळा. कोंबडी खत वापरायचं असेल तर अजून जपून, त्यात नत्र शेणखताच्या कितीतरी पट, क्षारही जास्त, ताजं टाकलं तर रोपं अक्षरशः भाजतात. ते जुनं, कुजवलेलंच घ्या, मात्रा खूप कमी ठेवा, आणि तेवढा युरिया कापा.

आता मिस्टरांची बाजू. फक्त गोणीवर कांदा येतो का, तर येतो, एक दोन वर्ष झकास येतो. पण वर्षानुवर्षं मातीत सेंद्रिय काही गेलंच नाही तर माती आवळत जाते, पाणी जास्त लागतं, आणि तेवढ्याच उत्पन्नाला दर वर्षी मूठभर जास्त खत टाकायची सवय लागते. कांद्यासारख्या दुबळ्या मुळांच्या पिकाला हे आधी जाणवतं. स्प्रेचं म्हणाल तर हा हिशोब त्यांच्यापुढे ठेवा. १९:१९:१९ (म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) लिटरला ५ ग्रॅम, एकरी २०० लिटर पाणी, म्हणजे झालं १ किलो खत, त्यात नत्र १९० ग्रॅम. पिकाला लागणार ४० किलो. स्प्रे वाईट नाही, पाऊस लागून राहिला, मुळं गुदमरली, रोपं थबकली तर दोन स्प्रेने हिरवेपणा परत येतो, पण तो आधार आहे, जेवण नव्हे. शिवाय कांद्याच्या पातीवर मेण असतं, थेंब मोत्यासारखा घरंगळून खाली जातो, स्टिकर, म्हणजे थेंब पातीला चिकटवणारं द्रावण, नाही घातलं तर ते १९० ग्रॅम सुद्धा सगळं आत जात नाही. आणि एक लक्षात ठेवा, शेवटी कांदा फुगवायला म्हणून १३:०:४५ मारतात, त्यातला पहिला आकडा १३ हा नत्राचाच आहे. पालाशच द्यायचं असेल तर ०:०:५० घ्या, त्यात गंधकही येतं.

जीवामृताचाही तोच हिशोब करून टाकू म्हणजे मिस्टरांना वाटायला नको की मी त्यांनाच कात्रीत धरतोय. २०० लिटरला १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन. यातून नत्र जातं ते ग्रॅममध्ये मोजायचं, किलोत नाही. ते जिवाणूंचं विरजण म्हणून द्यायचं असेल तर द्या, जमिनीत सेंद्रिय माल असेल तर त्याला पचवायला मदत होईल, पण त्याला खताची मात्रा म्हणून वहीत लिहू नका. अझोस्पिरिलम (नत्राचे जिवाणू), पीएसबी (स्फुरद मोकळं करणारे जिवाणू) यांचंही तसंच, रोपांची मुळं लागवडीआधी त्यात बुडवून घ्या, चांगली सवय आहे, फक्त ती पावडर युरियात किंवा सुपर फॉस्फेटमध्ये कालवून फेकू नका, त्यातले जिवाणू जगत नाहीत. कुजलेल्या शेणखतात किंवा गांडूळ खतात मिसळून द्या.

बरं, आता आकडे. शिफारशी भागाप्रमाणे, हंगामाप्रमाणे बदलतात, तरी हेक्टरी साधारण १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश हा धरून चालण्यासारखा आकडा आहे, म्हणजे एकरी ४०:२०:२०. आणि बहुतेक शिफारशींमध्ये वरचं शेणखत धरलेलंच असतं, शेणखत टाकलं म्हणून यातून परत फार कापाकापी करायची गरज नाही, कोंबडी खत किंवा पेंड जास्त टाकली तरच कापा. उदाहरणार्थ निंबोळी पेंडीत नत्र ५ टक्क्यांच्या आसपास असतं, एकरी २०० किलो टाकली तर १० किलो नत्र झालं, तेवढं हिशोबात घ्या.

हे ४०:२०:२० गोणीच्या भाषेत असं होतं. स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून घ्या, त्यात ते १६ टक्के, म्हणजे २० किलोसाठी १२५ किलो सुपर फॉस्फेट. पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश ३३-३४ किलो. ही दोन्ही पूर्ण, लागवडीच्या वेळीच मातीत, कारण स्फुरद मातीत जिथे पडतं तिथेच बसतं, नंतर वरून फेकलं तर मुळापर्यंत पोचत नाही, पैसे मातीच्या वरच्या पापुद्र्यात अडकून राहतात. सुपर फॉस्फेट कुजलेल्या शेणखतात मिसळून दिलं तर तुमच्यासारख्या चुनखडीच्या अंशाच्या काळ्या जमिनीत ते कमी अडकतं, सासरे आणि मिस्टर यांची गाठ इथे घालून द्या. पाणी खारट असेल तर म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश, महाग आहे पण त्यात क्लोराईड नाही. नत्र निम्मं म्हणजे २० किलो लागवडीला, तो युरिया झाला ४३-४४ किलो. राहिलेलं २० किलो दोन भागात, ३०व्या दिवशी २२ किलो युरिया आणि ४५व्या दिवशी २२ किलो युरिया. संपलं. त्यानंतर युरियाची गोणी शेतात आणायचीच नाही, फार झालं तर ६०व्या दिवसाच्या आत, तेही पात खरंच पिवळी पडली असेल तर.

गेल्या वर्षी तुम्ही डीएपी दिलं होतं. डीएपीत स्फुरद ४६ टक्के, नत्र १८ टक्के, खत म्हणून छान, पण त्यात गंधक नाही. इथे तुमचा गंधकाचा प्रश्न येतो, आणि नाही हो, या बाबतीत गळ्यात मारत नाहीत. कांदा चिरताना डोळ्यातून पाणी काढतं ते गंधकाचं संयुग, कांद्याचा सगळा तिखटपणा आणि वास गंधकावर उभा आहे, हे पीक इतरांपेक्षा जास्त गंधक खातं. एकरी १२ ते १६ किलो गंधक बस होतं. आता गंमत बघा, वरच्या १२५ किलो सुपर फॉस्फेटमध्ये ११-१२ टक्के गंधक असतं, म्हणजे १४-१५ किलो आपोआप आलं. सुपर फॉस्फेट घेतलंत तर वेगळी गंधकाची पिशवी घ्यायची गरज सहसा पडत नाही, डीएपीवर राहिलात तर पडते. घ्यायचीच असेल तर लागवडीआधी मातीत मिसळा, कारण दाणेदार गंधक पीक जसंच्या तसं खात नाही, मातीतले जिवाणू आधी त्याचं सल्फेट करतात, त्याला काही आठवडे जातात. कमतरता ओळखायची खूण सांगतो. नत्र कमी असेल तर जुनी, बाहेरची पात आधी पिवळी पडते, गंधक कमी असेल तर मधली नवी पात आधी फिकट होते. बरेच लोक दोन्हीला युरियाच फेकतात.

युरिया द्यायची पद्धत पण जरा बघा. तो उन्हात कोरड्या वाफ्यावर फेकून दोन दिवसांनी पाणी दिलं तर त्यातलं बरंचसं नत्र हवेत जातं, तुमच्या चुनखडीच्या जमिनीत तर जास्तच. आणि फेकून लगेच वाफा तुडुंब भरला तर ते मुळांच्या खाली. खुरपणी झाली, पात कोरडी आहे, दव सुकलंय, अशा वेळी टाका आणि लगेच हलकं पाणी द्या. पात ओली असताना टाकला तर दाणे पातीच्या बेचक्यात अडकतात आणि तिथे पांढरे भाजल्याचे डाग पडतात, मग तो करपा समजून औषधाची फवारणी, म्हणजे दुहेरी खर्च.

७०व्या दिवसाचा युरिया इतका का नडला ते आता सांगतो. लागवडीपासून काढणीपर्यंत हे पीक साधारण ११० ते १२० दिवसांचं, जातीप्रमाणे कमी जास्त. पहिल्या भागात ते पात करतं, मग दिवसाची लांबी आणि ऊब वाढली की पातीतला माल खाली उतरवून गड्डा भरतं. शेवटी मान मऊ पडते, पात आडवी होते, मान सुकून बंद होते. ही बंद झालेली मान म्हणजे कांद्याचं झाकण. गड्डा भरत असताना नत्र मिळालं की पीक परत नवी पात काढायला लागतं, मान हिरवी आणि जाड राहते, झाकण लागतच नाही, आणि त्या उघड्या ओल्या मानेतून बुरशी आणि जिवाणू सरळ आत. तुमचा जो कांदा सडला त्यातले बरेच मानेपासून खाली सडत गेले असतील, बाहेरून चांगले, दाबलं की वर मऊ. शिवाय जास्त नत्राची लुसलुशीत पात फुलकिड्यांना फार आवडते, ते ओरखडे पाडतात आणि त्यातून करपा शिरतो. बांधावर उभं राहून लोक ज्या पातीचं कौतुक करत होते तीच ही पात! जोड कांद्याचं मात्र सगळं खापर युरियावर फोडू नका, त्यात बियाण्याचा वाटा मोठा असतो, रोपं फार लांब लांब लावली किंवा पाण्याचा ताण देऊन एकदम भरपूर पाणी दिलं तरी जोड वाढतात, जास्त नत्र त्यात भर घालतं एवढंच.

उलट टोकही नको. नत्र फारच कमी पडलं तर पीक उपाशी राहून डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, काढतं, थंडी लांबली तर अजून जास्त. म्हणून सासऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे एकदम एका वर्षात गोणी बंद करायच्या फंदात पडू नका. पूर्ण सेंद्रियच करायचं ठरलं असेल तर तो रस्ता तीन-चार वर्षांचा आहे, आधी हिरवळीचं खत, ताग किंवा धैंचा फुलोऱ्यावर यायच्या आत गाडा, मग कांदा, कडधान्य फेरपालटीत घ्या, गोणी दरवर्षी थोडी कमी करत जा, मातीतला सेंद्रिय कर्ब वाढतोय का ते तपासत जा.

माती परीक्षण केलं नसेल तर यंदा कराच. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्या, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा, सगळी एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन फेका, असं करत अर्धा किलो ठेवा. झाडाखालची, बांधाजवळची, जिथे खताचा ढीग होता तिथली माती घेऊ नका. रिपोर्टमध्ये नुसता नत्र स्फुरद पालाश बघून वही बंद करू नका, क्षारता, सेंद्रिय कर्ब, गंधक आणि जस्त हे चारही बघा. काळ्या जमिनीत पालाश बऱ्याचदा भरपूर निघतं, तसं निघालं तर पोटॅशचा खर्च वाचला. जस्त कमी निघालं तर झिंक सल्फेट, पण ते सुपर फॉस्फेटबरोबर एकत्र नाही, वेगळं द्यायचं.

सेंद्रिय कांदा जास्त टिकतो का? टिकतो, जर मान नीट सुकली असेल तर. रासायनिकही टिकतो, मान नीट सुकली असेल तर! जात कुठली, शेवटचं नत्र कधी, शेवटचं पाणी कधी, काढल्यावर कसा सुकवला, टिकणं यावर आहे. निम्म्या माना पडल्या की काढणी, त्याच्या दहा-पंधरा दिवस आधी पाणी बंद. काढल्यावर तीन-चार दिवस शेतातच असा पसरा की एका ओळीच्या पातीने दुसरीचे कांदे झाकले जातील, मग इंचभर मान ठेवून पात कापा, अगदी गड्ड्याला लागून कापू नका, आणि सावलीत दहा-बारा दिवस सुकवा. जाड मानेचे, जोड, डेंगळ्याचे कांदे बाजूला काढून आधी विकून टाका, ते साठवणीत घालायचेच नाहीत, एक सडला की शेजारचे दहा घेऊन जातो.

आता घरातला तंटा. मी कितीही लिहिलं तरी सासरे पत्र वाचून मत बदलतील असं मला वाटत नाही, मिस्टरही नाही, म्हणून शेतालाच बोलू द्या. सगळीकडे वर सांगितलं तसं करा, फक्त एका कडेला चार वाफे सासऱ्यांचे, नुसतं शेणखत, पेंड आणि जीवामृत, आणि त्याच्या शेजारी चार वाफे मिस्टरांचे, शेणखत नाही, गोणी आणि स्प्रे. जात तीच, लागवड त्याच दिवशी, पाणी सारखंच. वाफे एकसारख्या जमिनीवर घ्या, एकाचे पाण्याच्या तोंडाशी आणि दुसऱ्याचे शेवटी असं नको, नाहीतर त्यावरूनच नवीन भांडण. काढणीला तिन्ही प्रकारचे चार चार वाफे वेगळे तोला, तिन्ही वेगवेगळ्या क्रेटमध्ये खूण करून ठेवा, आणि दर महिन्याला सडलेले, कोंब आलेले काढून परत वजन करा. दोघांनाही आपल्या वाफ्यात जास्तीचं काही गुपचूप टाकू देऊ नका, हे काम मात्र तुम्हाला डोळ्यात तेल घालून करावं लागेल. नुसतं उत्पन्न नाही, प्रत्येक वाफ्यावर झालेला खर्चही लिहा, शेणखत घरचं असलं तरी ट्रॉली आणि मजुरीचा खर्च धरा, तो न धरल्यामुळेच घरचं खत फुकट वाटतं.

गेल्या वर्षीच्या युरियाच्या अर्धवट फोडलेल्या गोणीचं काय करू असं ताजा कलममध्ये विचारलंय. गोळे झाले असतील तरी फोडून वापरता येतो, ओल लागून तो खराब होत नाही, फक्त जितकं पाणी होऊन वाहून गेलं तितकं वजन कमी झालेलं असतं. लागवडीच्या मात्रेत संपवून टाका आणि घरात शिल्लक ठेवू नका, ७०व्या दिवशी हात तिकडे जायला नको.